कवळी मंद आचेवर शिजते



माझ्या आईच्या पहिल्या कवळीला दोन महिन्यांतच वास येऊ लागला. उजेडात धरून पाहिली, तर मागच्या जाड भागात सुईच्या टोकाएवढी छिद्रंच छिद्रं. वरून गुळगुळीत, आतून जाळी. ती कवळी घाईत शिजवलेली होती.

हो, कवळी शिजवावी लागते. तीन भाग ॲक्रिलिकची भुकटी आणि एक भाग मिथाइल मेथॅक्रिलेट हा द्रव यांचा कणकेसारखा गोळा करतात, साच्यात दाबतात आणि साचा गरम पाण्यात ठेवतात. भुकटीत चिमूटभर बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं. ६० अंशांच्या पुढे ते भराभर फुटू लागतं. त्याचे तुकडे म्हणजे मुक्त मूलक. ते द्रवाचा एकेक रेणू जोडत साखळी वाढवत नेतात.

मग पेरॉक्साइडच वाढवलं तर? चौपट घातलं, तरी वेग दुप्पटच होतो. मूलक जास्त झाले, की ते एकमेकांना गाठून संपतातही लवकर. साखळ्या आखूड राहतात, कवळी कमकुवत होते.

खरा धोका उष्णतेचा. गोळा घट्ट होऊ लागला, की लांबलचक साखळ्यांची वाढती टोकं जागीच अडकतात. त्यांची गाठ पडत नाही, म्हणून ती संपत नाहीत. इवलासा द्रवरेणू मात्र अजून सहज सरकतो आणि जोडला जातो. वेग आपोआप चढतो. जोडणीतून निघालेली उष्णता प्लास्टरच्या साच्यातून चटकन बाहेर पडत नाही, त्यामुळे वेग आणखी चढतो. द्रव उकळतो १००.८ अंशांना. जाड भागात तापमान तिथवर गेलं, की त्याची वाफ होते आणि बुडबुडे तिथेच गोठतात. आईच्या कवळीत तेच झालं होतं.

यावर एक उपाय : पाणी ७४ अंशांच्या आसपास कित्येक तास राखायचं. अशा कवळीत न जुळलेला द्रव जेमतेम अर्धा टक्का उरतो. उष्णतेविना, रसायनाच्या जोरावर झटपट घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकमध्ये तो तीन ते पाच टक्के राहतो, आणि हिरड्यांची आग करू शकतो. तुटलेली कवळी जोडायला ते ठीक. नवी कवळी त्याची नको.

श्रोतेहो, घरात कुणाची कवळी करायला टाकली असेल, तर ‘आजच द्या’ असा आग्रह धरू नका. करणाऱ्याला एक पूर्ण रात्र द्या. आणि हाती आली, की दिवसभर पाण्यात ठेवून मगच वापरा.