कर्ता कोण?

(चावडीपुढें जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींसमोर एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



मी कांहीं मोठा व्याख्याता नव्हे, शाळामास्तर आहें. वीस वर्षें पोरांना व्याकरण शिकवीत आलों. तेव्हां आजहि व्याकरणाचाच एक धडा घेतों.

समजा, तुमच्या गोठ्यांतून रात्रीं बैल गेला. सकाळीं पोलीस पाटलाकडे जाऊन तुम्ही काय सांगाल? "चोरानें माझा बैल नेला." वाक्य सरळ आहे. कर्ता चोर, कर्म बैल. बैलाचें पाऊल वांकडें पडलें, बैलानें घराण्याची अब्रू घालविली, असें कोणी म्हणत नाहीं. बैल रात्रीं गोठ्यांत एकटा कां उभा होता, असेंहि कोणी विचारीत नाहीं.

आतां दुसरी गोष्ट घ्या. बारा-तेरा वर्षांच्या लेकरावर कोणा मोठ्या माणसानें अत्याचार केला. गांव काय म्हणतें? "पोर नासली." "पोरीची अब्रू गेली." "तिच्या बाबतींत वाईट झालें." पहिल्या वाक्याचा कर्ता पोर. दुसऱ्याचा कर्ता अब्रू. तिसऱ्यांत तर माणूसच नाहीं. ज्यानें तें कृत्य केलें, तो तिन्ही वाक्यांत कोठेंच सांपडत नाहीं. बैलाच्या चोराला आपण वाक्यांत पकडून ठेवतों, आणि लेकराच्या वैऱ्याला आपल्याच जिभेनें पळवाट देतों. अत्याचार मुलावर झाला असेल तर त्याच्यासाठीं आपल्यापाशीं एवढें वाकडें वाक्यहि नाहीं. तेथें सारें गांव गप्पच बसतें.

दुसऱ्यांस दोष देण्याआधीं माझा दोष कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतल्या एका मुलीवर अशीच आपत्ति आली. तिचें नांव सांगणार नाहीं, गांवहि सांगणार नाहीं. कायदा तें सांगूं देत नाहीं आणि माणुसकीहि नाहीं. फिर्याद झाली, आरोपी धरला गेला. बापानें पोरीला दुसऱ्या शाळेंत घालावयाचें ठरविलें व तो दाखला मागावयास आला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' म्हणून एक रकाना असतो, तो तुम्ही पाहिला असेल. प्रत्येक मुलाच्या दाखल्यावर मी तेथें 'चांगली' असें लिहितों. त्या दिवशीं माझी लेखणी अडखळली, आणि मीं 'बरी' असें लिहिलें.

बाप फार शिकलेला नव्हता, पण त्याला अक्षरओळख होती. त्यानें त्या शब्दावर बोट ठेवलें आणि विचारलें, "गुरुजी, हिनं काय केलं?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. तिनें कांहींच केलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं नवा दाखला लिहून मीं त्यांच्या घरीं नेऊन दिला. कागद बदलला, परंतु पहिला कागद त्या पोरीनें वाचला होता.

मंडळी, हा रोग एकट्या खेड्याचा असता तर मीं कायद्याचें नांव काढलें नसतें. पण आपल्या मोठमोठ्या कायद्यांनाहि तो जडलेला आहे. १८६० च्या दंडसंहितेंत बाईच्या अंगावर हात टाकण्याच्या गुन्ह्याला आपण मराठींत काय म्हणत आलों? विनयभंग! हात टाकला पुरुषानें, आणि भंग झाला तो बाईच्या विनयाचा. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तरी विनयाची ही कल्पना नव्या घरांतहि आलीच.

लहान मुलांसाठीं मात्र २०१२ सालीं निराळा कायदा झाला. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा हा कायदा. याला लोक 'पोक्सो' म्हणतात. अठरा वर्षांखालील मुलगी असो वा मुलगा, दोघांनाहि तो सारखाच लागू आहे. त्यांत शब्द आहे 'लैंगिक हमला'. हमला म्हटला कीं हमला करणारा आलाच. कर्ता वाक्यांत परत आला!

कोणी म्हणेल, "मास्तर, शब्द बदलून काय होतें? शब्दानें का जखम भरते?" याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांतील एका खटल्यानें दिलें आहे. जानेवारी २०२१ मध्यें मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढें एका बारा वर्षांच्या मुलीचें प्रकरण होतें. माणसानें वाईट हेतूनें तिच्या अंगाला हात लावला होता. कोर्टानें म्हटलें, हात कपड्यावरून लागला, कातडीला कातडी लागली नाहीं. म्हणून हा लैंगिक हमला नव्हे, विनयभंग होय. गुन्हेगार तोच, हात तोच, मुलगी तीच. शब्द तेवढा बदलला. आणि त्या शब्दाबरोबर काय बदललें? लैंगिक हमल्याला कमींत कमी तीन वर्षांची शिक्षा, विनयभंगाला कमींत कमी एक वर्षाची. एका शब्दाची किंमत दोन वर्षें! १८ नोव्हेंबर २०२१ रोजीं सुप्रीम कोर्टानें हा निकाल फिरविला व सांगितलें कीं, येथें प्रश्न कातडीचा नसून हेतूचा आहे. शब्दांत काय आहे असें विचारणारांनीं हा खटला ध्यानांत ठेवावा.

याहून मोठी गोष्ट २३ सप्टेंबर २०२४ रोजीं घडली. मुलांवर अत्याचार करून त्याचीं चित्रें काढणारे व तीं मोबाईलवर फिरविणारे नराधम आहेत. अशा चित्रांना कायद्यांत 'चाइल्ड पोर्नोग्राफी' असें नांव होतें. २०१९ च्या दुरुस्तीनें त्याची व्याख्याहि पोक्सो कायद्यांत घातली गेली. सुप्रीम कोर्टानें या नांवालाच हरकत घेतली. पोर्नोग्राफी म्हटलें कीं दोन मोठ्या माणसांचा राजीखुषीचा मामला असा भास होतो. लेकराची कसली राजीखुषी? असें प्रत्येक चित्र म्हणजे घडलेल्या गुन्ह्याची नोंद होय. म्हणून त्यास मुलांच्या लैंगिक शोषणाचें व अत्याचाराचें साहित्य असेंच म्हणावें, कोणत्याहि कोर्टानें जुना शब्द वापरूं नये, व संसदेनें कायद्यांतहि तशी दुरुस्ती करण्याचा विचार करावा, असें कोर्टानें बजावलें. त्याआधीं ऑगस्ट २०२३ मध्यें त्याच कोर्टानें न्यायाधीशांसाठीं एक पुस्तिका काढली होती. तींत 'बालवेश्या' या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकून, व्यापारासाठीं नेलेलें मूल असें म्हणावें, असें सुचविलें आहे. विचार करा, लेकरूं कधीं वेश्या असतें काय? त्याला विकणारा असतो, विकत घेणारा असतो. लेकरूं विकलें जातें.

घाणेरड्या शब्दापेक्षांहि पवित्र शब्द अधिक घातक असतो, हें आपल्या लोकांस निराळें सांगावयास नको. नवसाच्या पायीं गोरगरिबांच्या पोरी 'देवाला वाहिल्या' गेल्या. कोणी मुरळी झाली, कोणी जोगतीण झाली, कोणी देवदासी म्हणविली. वाहिली देवाला, आणि भोगिली कोणी? देवानें कधीं पैसे देऊन पोर नेल्याचें ऐकिवांत नाहीं! तेथेंहि कर्ता लपला, तो देवाच्या आड लपला. करवीरांत शाहू छत्रपतींनीं १९२० सालीं या चालीला बंदी करणारा कायदा केला. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं झाला. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५ चा आहे. तीन कायदे करावे लागले, कारण एका गोड शब्दानें आईबापांचेंहि डोळे बांधले होते.

आतां कायद्याच्या नव्या भाषेविषयीं एक तक्रारहि करितों. १९८६ च्या कायद्यांत ज्या मुलाला आपण सरळ बालगुन्हेगार म्हणत होतों, त्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यांत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. हेतु उत्तम आहे. मुलांच्या कामकाजांत दोषारोप करणारे शब्द वापरूं नयेत, असें तत्त्वच त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत घातलें आहे. परंतु हा शब्द माझ्या जिभेवर बसावयास आठ दिवस लागले. निंदणीला जाणाऱ्या मायमाउलीनें तो कसा उच्चारावा? लेकराचा मान राखणारा शब्द त्याच्या आईला कळला नाहीं, तर मान अर्धाच राहिला. सरकारनें शब्द सभ्य करावे आणि सोपेहि करावे.

तोंवर तुमच्या हातीं काय आहे, तें सांगतों. पोक्सो कायद्याप्रमाणें मुलाचा जबाब पोलिसांनीं तें मूल जसें बोलेल तसाच, आईबाप किंवा मुलाच्या विश्वासाच्या माणसासमोर लिहून घ्यावयाचा असतो. तेव्हां लेकरानें आपल्या बोलींत सांगितलेलें दुसऱ्या कोणाला जड शब्दांत बदलूं देऊं नका. जबाब वाचून घ्या, तो लेकराच्या शब्दांत आहे असें पाहा. जबाब घेणारा अधिकारी गणवेशांत नसावा, मुलाला रात्रीं ठाण्यांत ठेवूं नये, कोर्टांत त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणारे प्रश्न विचारूं देऊं नयेत, हेंहि कायद्यांतच आहे. त्यासाठीं कोणाच्या पायां पडावयाचें कारण नाहीं. आणि अडचणींतल्या कोणत्याहि लेकरासाठीं १०९८ हा फोन आहे. तो भिंतीवर लिहून ठेवा.

दुसरें काम घरचें. "ती पळाली" म्हणण्याआधीं "तिला कोणीं नेलें?" असें विचारा. "अब्रू गेली" हें वाक्य लेकराच्या बाबतींत तोंडांतून काढूंच नका. अब्रू गेली असेल तर ती अत्याचार करणाराची. आणि हें मुलाच्या बाबतींतहि तितकेंच बोला, जितकें मुलीच्या.

तिसरें काम आम्हां मास्तरांचें. त्या वर्तणुकीच्या रकान्यासमोर लेखणी टेकण्याआधीं आम्हीं स्वतःला एकच प्रश्न विचारावा, जो त्या बापानें मला विचारला. ज्या लेकरानें कांहींच केलें नाहीं, त्याच्या नांवापुढें आपण काय लिहीत आहों?

धडा संपला. उद्यां घरीं कोणी असें वाक्य बोललें, तर माझ्या वर्गांतल्या पोराप्रमाणें उठून एवढेंच विचारा: कर्ता कोण?