दोन तास चौदा मिनिटे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून काहीजणींना हसू आले, ते मी पाहिले. गाडी उभी करण्याच्या जागेचा दंड, हा काय भाषणाचा विषय? परंतु आपल्यातल्या पुष्कळजणी आता स्कूटर चालवितात, काहीजणी मोटारही चालवितात. आणि जळगावला काय किंवा धुळ्याला काय, दवाखाना म्हणा, मंगल कार्यालय म्हणा, दाराशी चिठ्ठी फाडणारा मुलगा उभा असतोच.

प्रथम 'दंड' हा शब्दच पाहू. दंड करण्याचा अधिकार कायद्याने ज्याला दिला त्याचा. खासगी जागेचा ठेकेदार आपल्याशी नुसता करार करतो : इतका वेळ, इतके पैसे. वेळ उलटली तर तो भरपाई मागू शकेल, पण ती किती? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम असे सांगते की, करार मोडल्यास द्यावयाची रक्कम आधी लिहून ठेवलेली असली, तरी ती कमाल मर्यादा समजायची. तिच्या आत जी वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. कायदा इतका जुना, पण फाटकावरच्या पोराला तो कुणी सांगितलेला नसतो, आणि आपल्यालाही नसतो.

गेल्या वर्षी सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. दवाखान्यालगतच्या खासगी जागेत गाडी लावली. दोन तासांचे ३० रुपये भरले. डोळ्यांत थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला जो वेळ लागतो तो लागतोच, तिथे घाई चालत नाही. बाहेर आलो तेव्हा दोन तास चौदा मिनिटे झाली होती. मुलगा म्हणाला, "३०० रुपये दंड." आमच्या पुढे एक बाई कडेवर तान्हे मूल घेऊन उभी होती. तिने एक शब्द न बोलता पदराची गाठ सोडली आणि पैसे दिले. शेतावर निंदायला जाणारीची ती दिवसभराची मजुरी! मला स्वतःच्या तीनशांपेक्षा त्या गाठीचेच जास्त लागले.

सासूबाईंना उन्हात डोळे उघडवत नव्हते, म्हणून पैसे मी दिले. मात्र पावती मागून घेतली. तो देईना, तेव्हा चिठ्ठीच्या पाठीवर रक्कम, वेळ आणि सही लिहवून घेतली. मोबाईलने फलकाचा फोटो काढला. फलकावर "जादा वेळेस जादा आकार" एवढेच होते, आकडा नव्हता. आणि तेही वाढदिवसाच्या एका बॅनरमागे अर्धे झाकलेले.

घरी येऊन ठेकेदाराला पत्र लिहिले. चौदा मिनिटे जास्त झाली हे नाकारले नाही. मुद्दे तीनच : जादा आकार किती ते कुठे लिहिलेले नाही, चौदा मिनिटांनी तुमचे ३०० रुपयांचे नुकसान झालेले नाही, आणि पुढच्या एका तासाचा तुमचा नेहमीचा दर १५ रुपये आहे, तो मी देते, बाकीचे परत करा. सोबत दवाखान्याच्या कागदाची नक्कल. पंधरा दिवस उत्तर नाही. मग दुसरे पत्र, स्पीड पोस्टाने, प्रत जागेच्या मालकाला. आठव्या दिवशी २८५ रुपये आले. दिलगिरी वगैरे काही नाही, नुसते पैसे. आमच्या घरी यावर "टपालाला किती गेले?" असा प्रश्न निघालाच. पुरुषांचा हिशेब वेगळा असतो, असो.

दरवेळी असेच होईल असे मात्र नाही. विलायतेत चेम्सफर्ड गावी एकाने दोन तासांच्या फुकट जागेत छप्पन्न मिनिटे जास्त गाडी ठेवली आणि त्याला ८५ पौंड मागितले. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि २०१५ साली हरला. कारण तिथले फलक मोठे, ठळक आणि जागोजागी होते, आकडाही स्पष्ट लिहिलेला होता. तेव्हा गाडीतून उतरताच आधी फलक वाचावा.

पत्रांनी काम झाले नाही तर काय? १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आपल्या दृष्टीने सर्वांत सोयीची गोष्ट ही, की तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वाद धुळ्याचा असला तरी जळगावच्या बाईने धुळ्याच्या खेपा घालायला नकोत.

माझ्या दोन्ही पत्रांच्या नकला कार्यवाह बाईंकडे मंडळाच्या कपाटात ठेवल्या आहेत. नाव, तारीख आणि रक्कम बदलली की झाले. ज्यांना उतरून घ्यायच्या असतील त्यांनी दुपारी तीननंतर यावे. त्याआधी किल्ली मिळत नाही.