नकाराचा रकाना



अध्यक्ष म्हणून बोलताना मी थेट स्टॉलवर येतो. मॉलमध्ये, कृषी प्रदर्शनात, वारीच्या वाटेवर, गणपतीच्या मांडवाबाहेर आपण इव्हेंट एजन्सीवाले लोकांना चहा पाजतो, शाम्पूची पुडी देतो आणि टॅबवर नाव, मोबाइल नंबर, ‘हे विकत घ्याल का?’ एवढं टिपून घेतो. संध्याकाळी कंपनीला आकडा जातो: इतके ग्राहक भेटले, पैकी इतके खूश. हा आकडा नेमका कशाचा, हे विचारायची आपल्याला फुरसत नसते.

आकडा कसा फुगतो, याचं एक जुनं उदाहरण शेतीतलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६च्या सुमारास पीककापणीच्या पाहण्यांतला एक दोष दाखवून दिला. शेतात छोटा तुकडा आखून तेवढंच पीक कापलं, तर उत्पादनाचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो. रेषेवरची ताटं कापणारा माणूस आत धरतो. त्यात लबाडी नसते, हात तिकडे वळतो एवढंच. तुकडा जितका लहान, तितका कडेच्या ताटांचा वाटा मोठा.

स्टॉलवरचा आपला प्रमोटर हेच करतो. त्याला रोजचं टार्गेट असतं. कपाळाला आठ्या घातलेले गृहस्थ शेजारून निघून जातात, त्यांना तो हटकत नाही. कॉलेजची मुलं हसत येतात, त्यांचे फॉर्म भरले जातात. टार्गेट अपुरं राहिलं की शेवटच्या तासाला एकाच घरातल्या चौघांचे चार फॉर्म. शिवाय भेटवस्तू फॉर्मला बांधलेली. फुकटची पिशवी हातात घेऊन ‘चव काही आवडली नाही’ म्हणायला आपली माणसं संकोचतात. ओटीपीने नंबर खरा असल्याचं कळतं. उत्तराबद्दल ओटीपी काहीच सांगत नाही.

म्हणून नमुना प्रत्येकाला द्यावा, फॉर्म भरो वा न भरो. प्रश्न प्रमोटरने विचारू नयेत. थोडं पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने, दर दहाव्याला थांबवून विचारावेत. जे नाही म्हणतील त्यांचीही खूण करावी: वेळ, अंदाजे वय, बाई की पुरुष. आणि ज्यांनी फोनला होकार दिला असेल, त्यांना दोन आठवड्यांनी विचारावं, ‘पुन्हा घेतलंत का?’ हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कोका-कोलाने १९८५ साली नवी चव आणण्याआधी जवळपास दोन लाख चाचण्या घेतल्या होत्या. घोटाघोटाने चाखताना नवं पेय जिंकलं. एप्रिलमध्ये ते बाजारात आलं आणि जुलैत जुनं परत आणायची वेळ आली. जुन्या चवीत लोकांचा जीव किती अडकला आहे, ते त्या घोटात मोजता आलं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला संमती मोकळी, विनाअट आणि विशिष्ट कामापुरती हवी आहे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची. लकी ड्रॉच्या पेटीत पडलेला नंबर कर्ज विकायला वापरणं यात बसत नाही. (पेटी अजून दिसतेच.)

नकारांसकट असा अहवाल नेला की कंपनीतल्या माणसांचा चेहरा पडतो, पुढचं काम दुसऱ्याकडे जाण्याची भीतीही खोटी नाही. एकट्या एजन्सीला ते परवडणार नाही, सगळ्यांनी मिळून केलं तरच निभेल. तेव्हा इव्हेंटच्या प्रत्येक अहवालात नकाराचा रकाना सक्तीचा असावा, असा ठराव मी मांडतो. दुपारच्या सत्रात त्यावर मनसोक्त भांडू या.