मेमो कारकुनाला, गळती जोडणीची



खिडकीसमोर रांग असते, पडद्यावर चक्र फिरत राहते आणि शिव्या खातो काउंटरवरचा कर्मचारी. वर ‘खुलासा द्या’ म्हणून मेमोही त्यालाच. आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत हेच झाले. रोज अकराच्या सुमारास काम ठप्प. सर्व्हर बंद करून चालू केला की तास-दोन तास ठीक. एकदा तर एका सभासदाला दुसऱ्याचीच शिल्लक दिसली, आणि बोट गेले कारकुनाकडे. तेव्हा आम्ही प्रोग्रामरच्या शेजारी बसलो.

डेटाबेसकडे जाणाऱ्या जोडण्या मोजक्या असतात. दर वेळी नवी उघडणे महाग, म्हणून काही तयार ठेवतात. त्याला पूल म्हणतात. जावातील हिकारी पूलमध्ये वेगळे काही न सांगितल्यास १० जोडण्या असतात. टॉमकॅट सर्व्हर मात्र २०० थ्रेडपर्यंत, म्हणजे एकाच वेळी २०० मागण्या हाती घेतो. रेल्वेतल्या साथींना सिंगल लाइनचे टोकन आठवेल. पुढच्या स्टेशनावर ते परत दिले नाही तर मागची गाडी निघणार कशी? इथे तेच होत होते. नोंद नीट झाली तर जोडणी परत. खाते क्रमांक चुकला की परत देण्याची ओळ गाळून प्रोग्राम पुढे. अशा दहा चुका झाल्या की पूल रिकामा, आणि पुढचा माणूस ३० सेकंद थांबून हात हलवत परत.

प्रोग्रामरचे पहिले उत्तर होते, पूल पन्नासचा करू. म्हणजे अकराऐवजी दुपारी तीनला ठप्प! आम्ही नको म्हटले. हिकारीत गळती शोधण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. ती केल्यावर जोडणी कोणत्या ओळीवर घेतली गेली ते लॉगमध्ये उमटले. परत देण्याची ओळ ‘फायनली’ भागात घातली. चूक होवो न होवो, ती चालतेच.

शिल्लकेचे कारण निराळे. सर्व्हलेट सर्वांसाठी एकच असतो, आणि सभासद क्रमांक त्याच्या सामाईक जागेत ठेवला होता. एकाचा क्रमांक वाचण्याआधी दुसऱ्याचा त्यावर लिहिला जाई. एकट्याने तपासून हे कधीच दिसले नसते. दोघांनी दोन यंत्रांवरून एकदम बटण वारंवार दाबले तेव्हा सापडले.

खुलाशाला लॉगचे ते पान जोडले. मेमो मागे घेतला गेला. रोखलेली वेतनवाढ अजून मिळायची आहे.