आपली कागदपत्रे, आपला हक्क



१९४७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन तयार केले. नागरिकाचे घर आणि कागदपत्रे यांची विनाकारण झडती होऊ नये, हा हक्क त्यात नमूद होता. संविधानात तो त्या शब्दांत आला नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

आता आपली कागदपत्रे इंटरनेटवर गेली आहेत. साक्रीचा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला सायबर कॅफेत जातो, तेव्हा जातीचा दाखला, आधार, पासबुक हे सारे परक्या संगणकात राहू शकते. म्हणून काम होताच लॉग आउट करा, फाइली समोर पुसायला लावा. चालेल तेथे पहिले आठ अंक झाकलेले आधार द्या. ओटीपी कोणालाही सांगू नका. पैशांची फसवणूक झाल्यास तात्काळ १९३० वर कळवा.

ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या जात विचारूनच उंबरठ्याबाहेर ठेवले गेले, त्याने आपली ओळख कोणाला द्यायची हे स्वतः ठरवावे. हा हक्क जागरूकपणे वापरू या.

जयभीम! नमो बुद्धाय!