पगारातून सायकल: हप्ता असावा, उचल नको

आम्ही परभणी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाराजणी. आज स्टुडिओत दोघीच आलो आहोत, पण बोलणं बाराजणींचं आहे.

विषय साधा आहे. कामावर जायला सायकल घ्यायची, पण पैसे एकदम नाहीत. मग मालकाने सायकल घेऊन द्यावी आणि दर महिन्याला पगारातून थोडे थोडे कापून घ्यावे. हे आमच्यातल्या तिघींनी केलं. त्यात काय चांगलं झालं आणि कुठं आमची चूक झाली, दोन्ही सांगतो.

आमचं गाव शहरापासून पाच किलोमीटर. एसटी येते ती शाळेच्या वेळेला. आमच्या तिघी शहरात एकाच मालकाकडे कामाला. सकाळी आठला हजेरी. म्हणजे ॲपेशिवाय इलाज नाही. जायला वीस, यायला वीस, दिवसाचे चाळीस. महिन्यात पंचवीस दिवस काम धरलं तर 1,000 रुपये झाले. पगार 9,000. बायांनो, हिशोब करा. नऊ दिवसांतला एक दिवस आम्ही ॲपेवाल्यासाठी राबत होतो. शिवाय ॲपे भरल्याशिवाय निघत नाही, आणि उशीर झाला की मालकाचं बोलणं आम्हीच खायचं.

घरात सायकल नव्हती असं नाही. लेकींकडे होती. आपल्या जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकलीसाठी पैसे मिळतात. 2022 पासून ही रक्कम 5,000 रुपये आहे. आम्ही सायकल शिकलो ती लेकींच्याच सायकलीवर, संध्याकाळी, शाळेच्या मैदानावर. मागून कॅरिअर धरून लेक पळायची आणि आई पॅडल मारायची. पोरं हसली. सासवाही हसल्या. एक आत्याबाई म्हणाल्या, "आता म्हातारपणी काय सर्कशीत जायचंय का गं?" त्याच आत्याबाई आता कॅरिअरवर बसून बाजाराला येतात.

शिकलो, पण सायकल लेकीची. सकाळी तिलाही लागते. मग ठरवलं, मालकाला विचारायचं.

ही रीत काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. सरकारी नोकरांना पूर्वी सायकल अग्रीम मिळायचा. सायकलीसाठी रक्कम आधी हातात आणि मग पगारातून हप्त्याने कपात. केंद्र सरकारच्या नोकरांना तो बिनव्याजी होता. सातव्या वेतन आयोगानंतर, 2016 साली तो बंद झाला. तिकडे ब्रिटनमध्ये 1999 पासून अशी सोय आहे. मालक सायकल घेऊन कामगाराला वापरायला देतो, कामगार पगाराचा काही भाग सोडतो, आणि उरलेल्या पगारावरच कर लागतो. म्हणजे तिथं करात सूट मिळते.

आपल्याला ती सूट नाही, कारण एवढ्याशा पगारावर आपल्याला कर लागतच नाही. मग आपला फायदा कशात? एक, सायकल आज मिळते. दुसरं, मालकाने व्याज लावलं नाही तर व्याज वाचतं. फायदा एवढाच. त्यापेक्षा मोठं कोणी सांगत असेल तर कान टवकारा.

तिघींनी मिळून मालकाला विचारलं, "शेठ, आम्हाला सायकल घेऊन द्या. आम्ही वेळेवर येऊ. पगारातून कापा." शेठ हो म्हणाले. एका सायकलीला 6,000 रुपये. महिन्याला 600 कापायचे, दहा महिने, व्याज नाही. ॲपेचे हजार वाचले, हप्ता सहाशेचा, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून चारशे रुपये हातात जास्त राहिले. आमच्यातल्या एकीने त्यातून लेकीची शिकवणी लावली.

इथपर्यंत सगळं गोड. आता कडू ऐका.

चौथा हप्ता कापला गेला आणि आमच्यातल्या एकीची सासू अंथरुणाला खिळली. घरात करणारं दुसरं कोणी नाही. तिला काम सोडावं लागलं. ती शेठकडे हिशोबाला गेली तर उत्तर मिळालं, "सायकल इथंच ठेव. बिल माझ्या नावावर आहे." चार हप्त्यांचे 2,400 रुपये गेले, सायकल गेली, आणि त्या महिन्याच्या कामाचे पैसेही अडकवून ठेवले. कागद मागितला तर कागदच नव्हता. सगळं तोंडी. शेठ चांगले आहेत म्हणून आम्ही काही लिहून घेतलं नव्हतं.

ती पायी घरी आली. त्या रात्री गटाची बैठक बसली. तेव्हा आमच्यातली एक अक्का बोलली. तिने पंधरा वर्षं ऊसतोडीला काढली आहेत. ती म्हणाली, "बायांनो, हे मला ओळखीचं आहे. ही उचल आहे."

गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या बायांना उचल म्हणजे काय ते सांगायला नको. मुकादमाकडून पैसे आधी घ्यायचे आणि मग कोयत्याने फेडायचे. हिशोब त्याच्या वहीत. फिटली की नाही ते तोच सांगणार. उचल अंगावर असली की आजारी पडता येत नाही आणि काम सोडता येत नाही. अक्का म्हणाली, "सायकल घेतली मोकळं फिरायला, आणि तिनंच खुंटीला बांधलं."

तिचं बोलणं आम्हाला लागलं. सायकल वाईट नव्हती, पगारातून कापणंही वाईट नव्हतं. वाईट एवढंच, की हिशोब एकाच्या हातात होता आणि सोडून जायची वाट आधी ठरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातजणी शेठकडे गेलो. भांडायला नाही, हिशोबाला. आम्ही म्हणालो, राहिलेले 3,600 रुपये गट देतो, आता देतो. सायकल तिच्या नावावर करा आणि केलेल्या कामाचे पैसे द्या. गटाच्या पेटीतून रक्कम काढली आणि तिच्या नावावर कर्ज टाकलं. शेठ आधी चिडले, मग मोजून घेतले. सायकल परत आली. कामाचे पैसे आठ दिवसांनी आले. आज ती त्याच सायकलीवर गावात घरोघर जाऊन शिवणाचे कपडे गोळा करते आणि गटाचं कर्ज फेडते.

नंतर आम्ही कायद्याची माहिती घेतली. ती तुमच्या कानावर घालतो. 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. पहिली, एका पगारातली सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही. दुसरी, काम सोडलं किंवा कामावरून काढलं, तर केलेल्या कामाचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असतात. मालक ऐकत नसेल तर कामगार कार्यालयात अर्ज करता येतो. वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथं बाईला मोफत मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन नंबर 15100.

आता तुम्हाला अशी सायकल घ्यायची असेल तर आम्ही ठरवलेले नियम सांगतो. वहीत लिहून घ्या.

एक. बिल आपल्या नावावर. पैसे मालकाने दिले तरी बिलावर नाव आपलं आणि सायकलीचा फ्रेम नंबर. सायकलीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. बिलावर तो बघून घ्या.

दोन. एका कागदावर लिहा: किंमत किती, हप्ता किती, किती महिने, व्याज आहे की नाही. दोघांच्या सह्या, आणि एक प्रत आपल्याकडे.

तीन. त्याच कागदावर लिहा, मध्येच काम सुटलं तर काय. राहिलेली रक्कम भरली की सायकल आपली, असं स्पष्ट हवं. हे विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो आणि पायी घरी आलो.

चार. दर महिन्याला किती कापले ते आपल्या वहीत लिहून मालकाची सही घ्या.

पाच. मालक कागदाला तयार नसेल तर गटाकडून घ्या. महिन्याला शेकडा एक रुपया व्याजाने 6,000 घेतले आणि दर महिन्याला 600 मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांत व्याज होतं 330 रुपये. तेवढ्यात आपण कोणाच्या बांधील राहत नाही. आम्हाला ते स्वस्त वाटतं.

घेताना सायकलही बघून घ्या. चेन कव्हर पूर्ण झाकणारं हवं, नाहीतर साडी अडकते. कॅरिअर आणि स्टँड भक्कम हवा. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. म्हणून पावसाच्या दिवसांत आम्ही सायकली डांबरी रस्त्यालगतच्या एका घरी ठेवतो आणि तिथपर्यंत चिखल तुडवत जातो.

तामिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथं 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं जिल्हाधिकारी होत्या. सायकलीसाठी बायांना बँकांनी कर्ज द्यावं म्हणून त्यांनी जोर लावला. हजारो बाया शिकल्या. काहींनी तर दांडीची, पुरुषांची सायकल पसंत केली, कारण दांडीवर लेकरू बसवता येतं. हे ऐकून आमच्या अक्काने सांगितलं, "मलाही दांडीचीच." तिचं वय साठीकडे झुकलं आहे. शिकणं चालू आहे.

आमच्या गटात आज पाच सायकली आहेत, सगळ्यांची बिलं बायांच्या नावावर. येत्या बैठकीत तुमच्या गटातही विषय काढा: कोण कामाला जातं, ॲपेला महिन्याला किती जातात आणि सायकल घेतली तर कागद कोणाच्या नावावर राहील. हिशोब मांडा, मग ठरवा.