लाटव्हियांतील शाळा आणि रशियन भाषा

बाल्टिक समुद्राकांठच्या लाटव्हिया या लहानशा राष्ट्रानें २०२४ सालीं असें ठरविलें, कीं २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून दुसरी परकीय भाषा म्हणून रशियन शिकविणें टप्प्याटप्प्यानें बंद करावें व मुलांनीं जर्मन, फ्रेंच यांसारखी युरोपीय संघांतील भाषा घ्यावी.

या निर्णयामागील दुःख खरें आहे. १९४० सालीं सोव्हिएट संघानें हा देश गिळंकृत केला. १९९१ सालीं स्वातंत्र्य परत मिळेपर्यंत रशियन ही सत्तेची भाषा होती. त्यानंतर तीस वर्षांनींहि, तेथील शिक्षणखात्याच्या म्हणण्याप्रमाणें, जवळजवळ निम्म्या शाळांत दुसरी परकीय भाषा म्हणून केवळ रशियनच मिळत होती. ही निवड कसली? त्यांत २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली आणि जुनी खपली निघाली.

तथापि सक्ती काढणें वेगळें व मज्जाव करणें वेगळें. लाटव्हियाची सीमा रशियाला भिडलेली आहे. शेजारी मित्र असो वा शत्रु, त्याचीं वृत्तपत्रें व फर्मानें मुळांतून वाचणारीं माणसें राष्ट्राजवळ हवींत. शिवाय, ज्यांच्या घरीं रशियन बोलतात त्या मुलांना ती येतच राहील. तिला मुकतील तीं लाटव्हियन घरांतील मुलें.

म्हणून माझ्या मतें प्रत्येक शाळेंत आधीं इतर भाषांचे शिक्षक नेमावेत, आणि त्यांच्या जोडीला रशियन ऐच्छिक ठेवावी. मग ती शिकावी कीं नाहीं, हें ज्या त्या घराला ठरवूं द्यावें.